हात त्याचा, खांदा माहा

वामनकाका, बसस्टँडजवळच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटोग्राफर संघटनेनं लावला. वर मराठीत भावपूर्ण श्रद्धांजली, खाली तेलुगूत तेच, आणि मध्ये तुम्ही, दारापेक्षा मोठे. तुमच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. नुसता हात. मनगटाच्या मागचा माणूस कापून टाकलाय. चार बोटं दिसतात आणि चारही बोटांत अंगठ्या.

मी संघटनेच्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, हा हात कोणाचा आहे ते तुम्हाला माहीत आहे ना? ते म्हणाले, "अवं, त्याहिचा एकट्याचा फोटोच सापडेना. जन्मभर दुसऱ्याचे काढले. मंग ग्रुपातून घेतला. तीन दिवसाचा तं प्रश्न हाय."

त्या तीन दिवसांचे सोळा दिवस झाले.

फ्लेक्सवर लिहिलंय, 'आदिलाबादला हसायला शिकवणारा कलावंत'. लिहिणाऱ्यानं तुमच्या स्टुलावर एकदा तरी बसायला हवं होतं. तुम्ही कोणाला हसवलंत? कोणी दात दाखवले की तुम्ही कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढायचात आणि म्हणायचात, "तोंड मिटा. सायबाले दात नाई पायजेत." अख्ख्या गावाचं तोंड मिटलेलं असायचं तुमच्या फोटोत. आणि गेल्या काही वर्षांत या गावात हसण्यासारखं होतंच काय, ते त्या फ्लेक्सवाल्यांनी मला येऊन सांगावं.

ज्यांनी तुमचं दुकान पाहिलं नाही त्यांना वाटेल मी कुठल्या मोठ्या स्टुडिओबद्दल बोलते आहे. बसस्टँडमागच्या गल्लीतली दहा बाय बाराची खोली. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला टेलर. निळा पडदा, स्टूल, आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा, आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. ज्याच्याकडे कोट नाही त्यानं तो घालायचा. गावातले निम्मे पुरुष सरकारी कागदांवर त्याच एका कोटात आहेत. माझे बाबासुद्धा. शाळेत मास्तर म्हणून लागायला त्यांनी जो पहिला अर्ज केला, त्यावर तोच कोट आहे, खांद्याला जरा सैल.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. "फोटो कायले पायजे?" कोणी म्हणायचं राशनकार्डाले, कोणी पेन्शनीले, कोणी दाखल्याले. ते तुम्ही खाकी पाकिटावर पेन्सिलीनं लिहायचात. नाव, कारण, तारीख. मग फोटो. तो साहेबासाठी. तो झाला की माणूस सैल व्हायचा, पदर सारखा करायचा, नाक पुसायचा, आणि तेवढ्यात तुम्ही दुसरा काढायचात. तो कोणी मागितलेला नसायचा. त्याची एक छोटी प्रिंट पाकिटात पडून राहायची. कॅमेरा डिजिटल झाला तरी राहायची, कारण कॉम्प्युटरवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. मी विचारलं होतं, हा दुसरा कशाला? तुम्ही म्हणालात, "पहिल्यात मानूस सायबाले पाहते. दुसऱ्यात कोनाले पाहते, ते मले अजून समजलं नाई."

शाळा बंद झाल्या, बस थांबल्या, तोंडाला फडकं बांधून फिरावं लागलं, त्या वर्षाचं या गावाकडे दुसरं काय आहे? ऑफिसात त्या वर्षाची मिसिल, म्हणजे फाईल, मागितली तर वाळवी दाखवतात. तुमच्या पाकिटांत ते वर्ष सगळं आहे. त्या वर्षी माणसांनी गावात कुठं तोंड उघडं केलं असेल तर तुमच्या स्टुलावर. तुम्ही सहा हात लांब उभे राहायचात आणि म्हणायचात, "उतरवा आता." फडकं हनुवटीखाली जायचं. गालांवर त्याच्या कडेची ओली रेघ राहायची. तुमच्या दुसऱ्या फोटोंत ती रेघ सगळ्यांच्या गालांवर आहे, भाजीवालीच्या, पोलिसाच्या, मशिदीतल्या मौलवीच्या. मी ते पाहिले तेव्हा मला एकही घोषणा सुचली नाही, आणि मला घोषणा सुचत नाही असं सहसा होत नाही.

त्याच वर्षी पाकिटांवर तुम्ही एक नवं कारण लिहू लागलात. 'हारासाठी'. घरातलं माणूस गेलं आणि भिंतीवर लावायला त्याचा एकट्याचा फोटो नाही. लोक लग्नाचे अल्बम घेऊन यायचे. ग्रुपातून आमचा तेवढा कापून द्या. तुम्ही शेजारच्यांचे हात काढायचात, खांद्यावरचे, कमरेवरचे, आणि त्या जागी शर्टाचं कापड पुन्हा भरायचात, रेघेला रेघ लावून. एक बाई तिच्या नवऱ्याचा फोटो घेऊन आली होती. खांद्यावरचा हात तिचाच होता, बांगड्या भरलेला. तुम्ही तिला विचारलंत, "बाई, हात काढू का राहू देऊ?" ती म्हणाली, राहू द्या. त्या वर्षभरात तुम्ही राहू दिलेला तो एकच हात. हे तुम्ही मला पुढं कधीतरी सांगितलंत, दिवा पुसता पुसता, जसं त्यात काही विशेष नाही.

आणि तुमच्या फ्लेक्सवर हात ठेवताना कोणी कोणाला विचारलं, काका?

आता गिरणीचं लिहिते, कारण आपलं भांडण तिथलं आहे आणि ते अर्धं राहिलं आहे.

गावाबाहेर, मावला गावाच्या बाजूची ती जिनिंगची गिरणी, कापसातून सरकी काढायची. दर दिवाळीनंतर तिथं बाया कामाला लागायच्या, कापसातली घाण वेचायला. हंगाम सुरू झाला की गिरणीचा मुनशी तुम्हाला बोलवायचा. तुम्ही गेटवर जाऊन एकेकीचा फोटो काढायचात, तो गेटपासला लागायचा. मग एका सकाळी बाया गेल्या तर गेटला कुलूप. त्याच्या आदल्याच दिवशी मुनशीनं 'नवे देतो' म्हणून सगळ्यांचे गेटपास गोळा करून घेतले होते. बायांनी आपल्या हक्काची भरपाई मागितली तेव्हा शेठनं लिहून दिलं की या बायांना आम्ही ओळखत नाही, कोणी मेस्त्री, मजूर पुरवणारा, आणत असेल. मेस्त्रीचा फोन बंद. आणि लेबर ऑफिसनं आम्हाला विचारलं, तुम्ही तिथं कामाला होता याचा पुरावा काय?

मी तेव्हा नुकतीच हैदराबादचं शिक्षण संपवून गावात परत आले होते आणि या बायांसाठी पत्रकं छापून वाटत होते. पुरावा कुठं आहे ते मला एका बाईनं सांगितलं. तुमच्या दुकानात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. प्रत्येक पाकिटावर नाव, 'गेटपास', तारीख. आणि आत तो तुमचा दुसरा फोटो, ज्यात बाईच्या मागं गेट दिसतं, वजनकाटा दिसतो, गिरणीची पाटी दिसते.

"आली का पत्रकवाली," तुम्ही म्हणालात. तेव्हापासून माझं नाव तेच पडलं.

"काका, तो गेटपासचा डबा द्या. सगळे फोटो एका फाईलला लावते आणि सुनावणीच्या पेशीला लेबर ऑफिसात साहेबापुढं ठेवते."

"त्यात तुहा फोटो हाय का?"

"नाही."

"मंग तुले कसा देऊ? ज्याचं तोंड, त्याच्या हाती. पाठव एकेकीले."

"कुठून पाठवू? कोणी बेल्लमपल्लीला गेली, कोणी मुधोळकडं शेतात. काका, हा पुरावा आहे."

"पुरावा तुह्यासाठी. तिच्यासाठी तिचं तोंड हाय."

मला हे दुकानदाराचं आडमुठेपण वाटलं. म्हणून तुम्ही समोर चहा सांगायला गेलात तेव्हा मी डबा उघडला, वरचं पहिलं पाकीट काढलं आणि मोबाईलवर त्या फोटोचा फोटो घेतला. एकच. दुसऱ्या पाकिटाला हात लावला नाही. लावला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आता रोज करते.

ती शेवंताबाई होती. तिसऱ्या दिवशी पत्रक निघालं. 'ही कामगार नव्हती म्हणे?' जाड अक्षरांत, थेट तिच्या कपाळावरून, कारण फोटोत मोकळी जागा तिथंच होती. गावभर वाटलं. शेवंताबाईला तेव्हा एका खाजगी हॉस्टेलात भाकरी करायचं काम लागलं होतं. हॉस्टेलवाल्यानं पत्रक चहाच्या टपरीवर पाहिलं आणि सांगितलं, भांडणारी बाई आम्हाला नको.

तुम्ही ओरडला नाहीत. पत्रक काउंटरवर पसरलंत. "अक्षर चांगलं हाय," तुम्ही म्हणालात. "कपाळ कोनाचं हाय?"

मी माफी मागायला लागले तर हात वर केलात. "माह्यासमोर नको. तिच्या घरी जाय."

गेले. शेवंताबाई दारात तांदूळ निवडत होती. मला बसायला पाट दिला. म्हणाली, "चांगल्यासाठीच केलं असन तुमी. पन माह्या तोंडावर काऊन लिवलं? तेवढं तरी कोरं राहू द्याचं." कामगार कायद्याच्या कलमांबद्दल मला विचारा, मी तासभर बोलेन. हिच्या पुढ्यातल्या तांदळातले खडे मी वेचू लागले. तिनं निवडलेले तांदूळ सुपात सरकवले आणि चहा घेता का म्हणून विचारलं.

पण माझी चूक झाली म्हणून तुमचं बरोबर ठरलं, असं मी तेव्हाही मानलं नाही. त्यानंतर तुम्ही डबा कपाटात ठेवून कुलूप लावलंत. पेशीची तारीख आली, पुढं गेली, पुन्हा आली. दर वेळी ऑफिसातला कारकून म्हणायचा, पुरावा? दर वेळी मी तिथून निघून तुमच्या काउंटरसमोर येऊन उभी राहायची, आणि तुम्ही म्हणायचात, "थांब थोडं."

"कशासाठी थांबू?"

"थांब म्हटलं नं."

काका, या गावात ज्याच्याकडे टेबल आहे तो आम्हाला थांबा म्हणतो. तलाठी म्हणतो, डॉक्टर म्हणतो, राशनवाला म्हणतो. तोच शब्द तुमच्या तोंडून ऐकला की माझं डोकं फिरायचं. आणि कारण विचारलं तर तुम्ही कॅमेऱ्याची काच पुसायला घ्यायचात.

त्या शेवटच्या दिवशी माझी नजर भिंतीवर गेली. तुमच्या संघटनेच्या कार्यक्रमाचा ग्रुप फोटो तिथं किती दिवस होता देव जाणे. मधोमध प्रमुख पाहुणे, गिरणीचे शेठ. त्यांचा अंगठ्यांचा हात तुमच्या खांद्यावर. मी बोट दाखवून म्हटलं, "म्हणून डबा निघत नाही. शेठचा हात आहे तुमच्या खांद्यावर."

तुम्ही वळून फोटोकडे पाहिलंत. जणू तो हात कोणाचा आहे ते ओळखू येत नाही, असं.

"हात त्याचा हाय," तुम्ही म्हणालात. "खांदा माहा हाय."

"मालकाचे माणूस आहात तुम्ही." हे मी म्हटलं. टेलरनं मशीन थांबवली इतक्या मोठ्यानं म्हटलं. आणि निघाले. मागून तुमचा आवाज आला, "वं पत्रकवाली, छत्री राह्यली." मी वळले नाही.

अकरा दिवस मी त्या गल्लीत आले नाही. माझं तुमच्याबरोबर असंच चालायचं, कोण आधी नमतं ते पाहायचं. मी वाट पाहत होते की तुम्ही झेरॉक्सवाल्याच्या हाती निरोप पाठवाल. बाराव्या दिवशी झेरॉक्सवाला आला. निरोप दुसराच होता.

तुमचा मुलगा हैदराबादहून आला. चांगला माणूस आहे, घाईत आहे. घरमालकाला खोली हवी होती. त्यानं मला फोन केला, "बाबांनी शेवटच्या फोनवर एक डबा द्यायला सांगितला होता. गेटपासचा. तुमच्या आईला."

मी म्हटलं, मला असेल.

"नाही. मी पण हेच विचारलं. बाबा म्हणाले, पत्रकवालीले नको, तिच्या मायले दे. दोनदा म्हणाले."

डब्याबरोबर त्यानं माझी छत्रीही दिली. तिच्या दांड्याला सुतळीनं एक खाकी पाकीट बांधलेलं. तुमच्या अक्षरात नाव, कारण, तारीख. सुजाता. छत्री. भांडून गेली.

पाकीट रिकामं होतं, काका. मी दोनदा उघडून पाहिलं.

घरी आई शेंगा सोलत होती. मी डबा तिच्यापुढं ठेवला आणि मोठ्या आवाजात बोलायला लागले, हे बघ काकांनी काय केलंय, माझ्याऐवजी तुला, तुझा काय संबंध. आईनं हात पुसले. डबा मांडीवर घेतला. आत काय आहे ते विचारलं नाही. पाकिटं एकेक करून मागं सारत गेली, नावं ओठातल्या ओठात म्हणत, आणि मधलं एक काढून माझ्यासमोर ठेवलं.

कमल. गेटपास. शाळा बंद होत्या त्या हंगामातली तारीख.

पहिल्या फोटोत माझी आई साहेबाकडे पाहते आहे. दुसऱ्यात ती गिरणीच्या गेटसमोर उभी आहे. साडीवर बाबांचा शाळेचा शर्ट घातलाय, निळ्या रेघांचा. भुवयांवर कापसाचे तंतू. फडकं हनुवटीखाली, गालांवर ती ओली रेघ. आणि एक बोट ओठांवर. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, दुसऱ्यात माणूस कोणाला पाहतं ते समजलं नाही. माझी आई तुम्हाला पाहत होती. सांगू नका म्हणत होती.

"तुह्या बाबाची शाळा खाजगी, ते बंद होती," आई म्हणाली. "पगार नाई. तू हैदराबादले. तुही फी थांबत नवती. घरी सांगितलं, शिवणक्लास हाय म्हनून."

"पण लपवायचं कशाला?"

"माह्या मायचा जन्म गेला दुसऱ्याच्या वावरातला कापूस येचता येचता. मी लगन होऊन मास्तरच्या घरी पडली तवा तिनं सांगितलं होतं, पोरी, आता बोंडाले हात लावू नको. मंग मी कोनाले सांगू? तुले? तू पत्रक छापलं असतं."

तिनं पाकिटं पुन्हा सारखी केली.

"वामनभाऊनं दोनदा विचारलं मले. म्हनत, वहिनी, पोरगी रोज येऊन भांडून राह्यली, देऊ का डबा? तुमचं एक पाकीट काढून ठेवतो म्हनत. मी म्हटलं, एकीचं काढसान आन बाकीच्याहिचं देसान, ते बरं नाई. थांबा थोडं." मग म्हणाली, "तुहा आवाज लय मोठा हाय, सुजे. मले भेव वाटे."

तर ते 'थांब' तुमचं नव्हतं. वर्षभर मी ज्या शब्दासाठी तुमच्याशी भांडले तो माझ्याच घरातून निघाला होता, मी जिच्या हातची भाकरी खाऊन रोज तुमच्यावर तावातावानं निघायची तिच्या तोंडून. गावातल्या कामकरी बायांवर मी चौकाचौकांत बोलले. माझ्या घरातल्या बाईच्या हाताच्या भेगा मला शिवणक्लासच्या सुईच्या वाटल्या.

पण माझा राग तुमच्यावरही आहे, काका, तो तुम्ही मेलात म्हणून मी सोडणार नाही. मी तुम्हाला मालकाचे माणूस म्हटलं तेव्हा तुमच्याजवळ एक वाक्य होतं. ते बोलला असता तर मी तिथंच जमिनीत गेले असते. ते तुम्ही गिळलंत आणि मला छत्रीची आठवण करून दिलीत. हा कसला न्याय? माझी माफी तुम्ही आधीच नाकारून ठेवलीत. 'माह्यासमोर नको.' आता तर तुम्ही समोरही नाही. मग मी तिचं काय करायचं, ते कुठल्या पाकिटावर लिहिलंय?

त्या दुपारी आईनं फोन हातात घेतला. एकेक फोटो उचलायची आणि सांगायची, "ही बेल्लमपल्लीले, जावयाकडं. ही मुधोळले, हिचा नंबर हाय. हिचा नाई, पन हिची जाऊ सोमवारच्या बाजारात मिरच्या घेऊन बसते." मला वर्षभरात ज्या बाया सापडल्या नाहीत त्या तिला चार दिवसांत सापडल्या. प्रत्येकीच्या हाती तिनं तिचं पाकीट दिलं आणि विचारलं, येतेस का? दोघींनी नाही म्हटलं. आईनं त्यांची पाकिटं परत डब्यात ठेवली. मी म्हणायला लागले की कायद्याच्या दृष्टीनं, आणि आईनं माझ्याकडे पाहिलं.

शेवंताबाईनं पाकीट घेतलं, फोटो उलटसुलट करून पाहिला, आणि मला म्हणाली, "यावर काई लिवू नको."

बाबांना आईनं स्वतःचा फोटो जेवताना दाखवला. त्यांनी तो दिव्याखाली धरला. मग म्हणाले, "तरी म्हटलं, त्या शर्टाचं बटन कुठं गेलं." नंतर उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

पेशीच्या दिवशी लेबर ऑफिसातल्या कारकुनानं बाया पाहिल्या आणि हात पुढं केला. "अम्मा, सब फोटो एक साथ दे दो, स्टेपल मार देता."

रांगेत पहिली माझी आई होती. मला कळायला लागल्यापासून आजपर्यंत मी तिला ऑफिसात कधी बोलताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "नई साब. एक-एक का लेव. मुँह देख के लेव."

कारकून म्हणाला, पूरा दिन जाएगा अम्मा. आई म्हणाली, "जाने देव. हमारा तो साल गया."

आणि तिनं फोटो आपल्या गालाजवळ धरला. साहेबाला वर पाहावं लागलं. तिच्यामागं शेवंताबाई, तिच्यामागं बेल्लमपल्लीहून सकाळच्या गाडीनं आलेल्या दोघी. एकेक बाई पुढं यायची, फोटो गालाशी धरायची, नाव सांगायची, आणि मग स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवायची. शेठचा वकील म्हणाला, असे फोटो कुठंही काढता येतात. साहेबानं दुसऱ्या फोटोतली गिरणीची पाटी वाचली, वजनकाटा पाहिला, पाकिटावरची तुमची पेन्सिलची तारीख पाहिली, आणि पुढची बाई बोलावली. निकाल नाही लागला. पुढची तारीख मिळाली. मला तुमच्यापुढं खोटी बढाई मारायची नाही. पण कोणत्याही फोटोवर मी काही लिहिलं नाही, आणि मला त्या सकाळी एकदाही बोलावं लागलं नाही.

परत येताना चौकात तुमचा फ्लेक्स लागला. आई थांबली. ती त्या हाताकडे पाहत होती. गिरणीत त्याच अंगठ्यांच्या बोटानं तिला कापसाच्या ढिगाकडे परत पाठवलं असेल, मी विचारलं नाही.

मी टेलरकडून ब्लेड आणलं आणि झेरॉक्सवाल्याकडून तुमचं स्टूल. तुमच्या मुलानं ते त्याच्याकडेच ठेवलंय. भर दुपार होती, चौक भरलेला होता. रिक्षावाले पाहत होते. आईनं स्टूल धरलं.

वर चढून मी विचारलं, काका, हात काढू का राहू देऊ? मोठ्यानं विचारलं, माझा आवाज तसाही लहान नाही. तुम्ही तोंड मिटून होतात.

मग मी कापायला घेतलं. तुम्ही हात काढला की तिथं शर्टाचं कापड पुन्हा यायचं, रेघेला रेघ जुळून. मला ते येत नाही. भोक पडलं. त्यातून मागची चुनखडीची भिंत दिसते. एका अंगठीचा तुकडाही राहिला कडेला.

खालून आई म्हणाली, "सांभाळून, सुजे. खांदा कापशीन त्याहिचा."

नाही कापला, काका.